अनोळखी दिशेचा वाटाड्या

गावोगावच्या वाचनालयांत एक कपाट असे असते, की त्यातल्या पुस्तकांना मूळचे मुखपृष्ठ उरलेले नसते. खाकी पुठ्ठ्याची, जाड दोऱ्याने शिवलेली, कोपरे गोल झालेली ही पुस्तके. पहिली चार पाने गेलेली. शेवटचे पान असले तर वाचकाचे नशीब. जुन्नर आणि आंबेगाव या आमच्या दोन तालुक्यांत मी जी जी वाचनालये पाहिली, त्या प्रत्येकात हे कपाट होते आणि त्यात दोन नावे ठरलेली होती. एक बाबूराव अर्नाळकरांचे, दुसरे नारायण धारपांचे. अर्नाळकर वाचून झोप उशिरा लागे. धारप वाचून ती लागतच नसे.

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ चा. १८ ऑगस्ट २००८ रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वयाची ८३ वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद किंवा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. ज्याची पुस्तके अक्षरशः फाटेस्तोवर वाचली गेली, त्या लेखकाला मोजायचे कसे, हा प्रश्न मराठीने बराच काळ टाळला. धारपांचे आयुष्य सांगू लागले, की या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

मला तो प्रश्न जवळचा वाटतो, याला एक कारण आहे. भयपटांचा मी लहानपणापासूनचा शौकीन आणि गेली काही वर्षे दिवाळी अंकांसाठी अधूनमधून भयकथा लिहिणारा. या वाटेवर कोणी नोकरी देत नाही, कोणी शिष्यवृत्ती देत नाही. एका अंकाने तर मानधन म्हणून अंकाचीच एक प्रत पाठवली होती आणि टपालखर्च माझ्याकडून घेतला होता. अशा वेळी धारपांसारख्या माणसाने इतकी वर्षे, इतक्या नेटाने हेच काम कसे केले असेल, हे कुतूहल आपोआप जागे होते.

विज्ञानाची पदवी आणि भुतांचा व्यवहार

भयकथालेखक म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर दाढीजटा, कवटी, मेणबत्ती असे काहीतरी येते. धारपांच्या चरित्रात यातले काही सापडत नाही. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. टेक. ही पदवी त्यांच्याकडे होती. म्हणजे माप, वजन, तापमान, प्रक्रिया यांच्या जगात शिकलेला हा माणूस. पदवीनंतरचा काही काळ त्यांनी आफ्रिकेत काढला. पुढे त्यांचे नाव जोडले गेले ते पुण्याशी. मराठी विभागातली प्राध्यापकी किंवा वर्तमानपत्रातली खुर्ची, या ज्या दोन दारांनी त्या काळी बहुतेक लेखक साहित्यात शिरत, त्या दोन्ही दारांच्या बाहेर हा माणूस होता.

ही पदवी त्यांच्या गद्यात दिसते. धारपांचा निवेदक बहुधा शांत, हिशेबी, थोडा रुक्ष असा गृहस्थ असतो. नवे घर घेतलेला, बदली होऊन आलेला, कुणा दूरच्या नातेवाइकाची मालमत्ता मिळालेला. तो घराची लांबीरुंदी सांगतो, खिडक्या कोणत्या बाजूला आहेत ते सांगतो, रात्री किती वाजता जाग आली ते सांगतो. प्रयोगवहीत निरीक्षणे लिहावीत तशी ही मांडणी असते. मग एका निरीक्षणाचा हिशेब लागत नाही. खोलीतली थंडी दाराकडून येत नाही. सावलीची दिशा चुकीची आहे. इथपर्यंत वाचकाने निवेदकावर विश्वास ठेवलेला असतो, त्यामुळे पुढची अशक्य गोष्टही तो मुकाट्याने मानतो. भीती निर्माण करण्याची ही रीत विशेषणांच्या गडगडाटापेक्षा कितीतरी अवघड आहे. मी स्वतः लिहायला बसतो तेव्हा पहिल्या पानावरच अंधार, वीज आणि कुत्र्याचे रडणे आणण्याचा मोह होतो. धारप तो मोह बहुधा टाळतात.

त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. 'नेनचिम', 'गोग्रॅमचा चितार' ही नावे त्या वाचकांना चांगली आठवतील. आज विज्ञानकथेला मराठीत मान आहे. जयंत नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तो मान अधिकृत झाला. पण त्याच्या कितीतरी आधी स्वस्त कागदावर, भडक मुखपृष्ठाआड परग्रह आणि परिमाणे यांच्या गोष्टी सांगणाऱ्यांत धारप होते. विज्ञानकथा आणि भयकथा ही त्यांच्याकडे दोन वेगळी दुकाने नव्हती. माणसाला ठाऊक असलेल्या जगाची एक हद्द आहे आणि त्या हद्दीपलीकडे काहीतरी आहे, हा विचार दोन्हींच्या मुळाशी होता.

त्या काळाची व्यवस्थाही समजून घ्यायला हवी. दूरदर्शन घरोघरी पोचण्याआधी मराठी कुटुंबाची करमणूक म्हणजे रेडिओ, जत्रेतला तमाशा नाहीतर तंबूतला सिनेमा आणि वाचनालयाचे पुस्तक. अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकांनी आणि 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी अद्भुत, रहस्य, भय यांना हक्काची जागा दिली. कादंबऱ्या निघत त्या मुख्यतः वाचनालयांसाठी. एक प्रत शंभर घरांत फिरे. यात वाचक पुष्कळ मिळत, पण लेखकाला पैसे एका प्रतीचेच. अशा बाजारात टिकायचे तर सतत लिहीत राहावे लागे, आणि धारप लिहीत राहिले. 'चेटकीण', 'लुचाई', 'शपथ', 'ग्रहण', 'माणकाचे डोळे', 'साठे फायकस', '४४० चंदनवाडी' अशी ती रांग आहे. सगळे सारख्या प्रतीचे नाही. शंभरावर पुस्तकांत घाईत उरकलेली असणारच. पण चांगले आहे ते इतके चांगले आहे, की वाचल्याला चाळीस वर्षे झालेली माणसेही एखादा प्रसंग सांगताना आवाज खाली आणतात.

पत्ता असलेली भुते आणि बिनपत्त्याची भीती

धारपांनी नेमके काय वेगळे केले, हे मला पुस्तकांपेक्षा आमच्या मुलुखाने जास्त शिकवले.

आमच्याकडे भुतांची वाण कधीच नव्हती. पिंपळावर मुंजा, बारवेत आसरा, वेशीबाहेर वेताळ, माळावर चकवा. चकव्याने धरले की माणूस रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घालतो आणि उजाडल्यावर घराजवळच सापडतो. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोगलांनी तिथे बंडखोर कोळ्यांची शेकड्यांनी मुंडकी उडवल्याची कहाणी गडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले, ते जुने गावच पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या बांधकामांचे अवशेष वर येतात. भर पावसात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडांवरची बुरशी रात्री मंद हिरवट उजेड देते. कारण माहीत असूनही पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतोच.

पण या सगळ्या भीतींना पत्ता आहे. मुंजा कुठल्या झाडावर, आसरा कुठल्या डोहात, हे गावाला ठाऊक असते. त्यांचे मानपान ठरलेले असतात. नारळ कुठे ठेवायचा, तिन्हीसांजेला कुठून जायचे नाही, एवढे पाळले की भागते. लोककथेतले भूत हा एक प्रकारे गावचा जुना रहिवासीच असतो.

१९६० नंतरच्या दशकांत मराठी कुटुंबे गाव सोडून शहरात आली. वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, शेजारी अनोळखी झाले. फ्लॅटमध्ये मुंजा कुठून येणार? गावच्या भीतीचा पत्ता हरवला, पण भीती मात्र बरोबर आली. धारपांनी नेमक्या या माणसाला हेरले. त्यांच्या कथेतले संकट बहुधा पिंपळावर बसलेले नसते. ते भाड्याच्या बंगल्यात असते, लिलावात घेतलेल्या वस्तूत असते, वारशाने आलेल्या किल्लीत असते. त्याला नाव नसते, मानपान नसतात, गावातल्या कुणाला त्याचा उतारा माहीत नसतो. 'अनोळखी दिशा' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव त्यांच्या सगळ्या लेखनाला लावता येईल. दाही दिशा आपल्याला ठाऊक आहेत, हे संकट अकराव्या दिशेने येते.

आणि ते बहुतेक वेळा कुणीतरी बोलावलेले असते. धारपांच्या कथेत लोभ, सूड किंवा नसते ज्ञान मिळवण्याची हाव यांपैकी काहीतरी एखाद्या माणसाला दार उघडायला लावते. मग त्या दाराने जे आत येते ते त्या एकट्यापुरते राहत नाही, निरपराध घरादाराला ग्रासते. म्हणून त्यांच्या भयकथेत एक कौटुंबिक हिशेब असतो. आजोबांनी केलेले नातवाला फेडावे लागते. मराठी घरातल्या वाचकाला हे पटते, कारण वडिलोपार्जित कर्ज आणि वडिलोपार्जित भांडण या दोन्ही गोष्टी त्याने जवळून पाहिलेल्या असतात.

याच जगात त्यांनी समर्थ हा नायक उभा केला. अमंगळ शक्तींशी झुंजणारा, साधना केलेला पुरुष. नावातच रामदासांची आठवण आहे आणि वाचकाला जो आधार हवा तोही आहे. समर्थ आला की वाचक श्वास सोडतो. काही चोखंदळ वाचक समर्थकथांना नाक मुरडतात. संकट सुटणार हे आधीच कळते, असा त्यांचा आक्षेप. तो खरा आहे. पण त्याचे उत्तर मला पुस्तकाबाहेर सापडले.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. नेहमीप्रमाणे एसटी घेऊन आलेल्या चालकाला जिथे गाव असायचे तिथे गावच दिसेना, आणि त्याच्यामुळे ही बातमी बाहेर कळली. त्या आठवड्यात मला कुठलाही भयपट बघवला नाही. आमच्या भागात बिबट्याही आहे. ऊस वाढला, धरणाचे पाणी आले, बिबट्या रानातून फडात उतरला आणि उसातच पिल्ले देऊ लागला. संध्याकाळी अंगणातल्या पोराला हाक मारताना आईच्या आवाजात जी भीती असते, ती मनोरंजनाची नसते. खऱ्या भीतीला नियम नसतो, न्याय नसतो आणि अखेरीस कुणी समर्थ येत नाही.

म्हणूनच भयकथा लागते, असे मला वाटते. तिच्यात भीतीला आरंभ आणि शेवट असतो. कुणीतरी चूक केलेली असते, म्हणून ती चूक टाळताही येते. पुस्तक मिटता येते. धारप वाचून झोप उडाली तरी सकाळी माणूस ताजातवाना कामाला जाई आणि संध्याकाळी दुसरे पुस्तक मागायला वाचनालयात हजर होई. ज्या घरांत खऱ्या चिंता पुष्कळ होत्या, त्यांना त्यांनी हिशेबात बसणारी भीती दिली. ही सेवा लहान नाही.

उसने आणलेले बीज

धारपांचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. त्यांच्या काही गाजलेल्या कृतींचे बीज परदेशी आहे. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेली. 'शपथ'चे नाते किंग यांच्याच १९८६ च्या 'इट'शी. 'आजी' ही कथा त्यांच्या १९८४ च्या 'ग्रॅमा' या कथेवरून. इंग्रजी पुस्तके गावात मिळत नसलेल्या काळात बहुतेक वाचकांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे कळले तेव्हा काही जुने वाचक हिरमुसले, तर काहींनी धारपांना एका फटक्यात निकालात काढले.

मला दोन्ही टोके मान्य नाहीत. रूपांतराची मराठीत मोठी परंपरा आहे. आगरकरांचे 'विकारविलसित' म्हणजे हॅम्लेट, देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लो, पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' म्हणजे शॉचे पिग्मॅलिअन. तिथे मूळ लेखक जगप्रसिद्ध होते आणि नाते उघड होते, हा फरक मात्र मान्य करायला हवा. हयात लेखकाच्या कृतीवर उभे राहताना त्याचे ऋण स्पष्ट नोंदवले जावे, ही आजची अपेक्षा रास्त आहे. ती धारपांनाही लागू होते.

पण भयकथेचा वंशवृक्ष पाहिला, तर प्रत्येक फांदी दुसरीला चिकटलेली दिसते. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' १८९७ ची. १९२२ साली जर्मनीत मुर्नाव या दिग्दर्शकाने तिच्यावर 'नोस्फेराटू' हा मूकपट काढला, तोही परवानगी न घेता, नावे बदलून. स्टोकर यांच्या पत्नीने खटला भरला आणि १९२५ मध्ये न्यायालयाने चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. म्हणजे धारपांच्या जन्माच्याच वर्षी. काही प्रती वाचल्या, आणि तोच चित्रपट आज जगातल्या भयपटांचा मूळपुरुष मानला जातो. ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेतल्या लहानशा गावात आला तर काय होईल, या विचारातून किंग यांनी 'सेलम्स लॉट' लिहिली. १९७९ मध्ये टोबी हूपर यांनी तिच्यावर टीव्हीसाठी चित्रपट केला, तेव्हा त्यातल्या रक्तपिपासूचा चेहरा बेतला तो 'नोस्फेराटू'वरूनच. आयर्लंडच्या लेखकापासून जर्मनी, अमेरिका आणि तिथून पुण्यातल्या टेबलापर्यंत हा प्रवास आहे. 'लुचाई' ही त्यातली मराठी पायरी.

प्रश्न उरतो तो वाटेत काय बदलले याचा. पाश्चात्त्य कथेतला रक्तपिपासू क्रूसाला घाबरतो. मराठी घरात क्रूसाच्या जागी काय ठेवायचे? नुसता गणपतीचा फोटो ठेवून भागत नाही, कारण वाचकाला तो उपाय नाटकी वाटतो. धारपांच्या एकंदर लेखनात याचे उत्तर माणसाच्या आतून येते. निष्ठा, उपासना, दुसऱ्यासाठी स्वतःला पणाला लावण्याची तयारी. देवाची मूर्ती असो वा नसो, ती धरणारा हात कसा आहे याला महत्त्व. शिवाय गाव, घर, नातीगोती, जेवणाची वेळ, पाहुण्याला दिलेले पाणी हे सगळे अस्सल मराठी. त्या तपशिलांत धारप कुणाचे उसने घेत नाहीत, आणि वाचकाला भीती वाटते ती त्या तपशिलांमुळेच.

पडद्यावरचे पुनरागमन

मी भयपटांचा शौकीन झालो तो जत्रेतल्या तंबूत. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, त्यामुळे राहुट्या आणि तंबू आमच्या सवयीचे. 'महल', 'बीस साल बाद', 'वो कौन थी' यांसारखे जुने चित्रपट पाहिलेली आधीची पिढी गाण्यांच्या आठवणी काढी. आमच्या वाट्याला आले रामसे बंधू. १९८४ चा 'पुराना मंदिर' पाहताना अख्खा तंबू एका आवाजात किंचाळे आणि लगेच हसे. रामसेंचा राक्षस समोर दिसतो, त्याचे दात मोजता येतात. त्याच आठवड्यात कंदिलाच्या उजेडात धारप वाचले, की उलटा अनुभव येई. दिसत काहीच नसे आणि हसू मुळीच येत नसे. धारपांचे भय पडद्यावर आणणे कठीण आहे, हे तेव्हाच जाणवले होते. जे शब्दांत लपलेले आहे ते कॅमेऱ्याला दाखवावे लागते, आणि दाखवले की संपते.

टीव्हीवर प्रयत्न झाले. स्टार प्रवाहवर 'अनोळखी दिशा' ही मालिका आली. २०१८ मध्ये झी मराठीवर 'ग्रहण' आली, त्यात पल्लवी जोशी होत्या. पण खरा धक्का दिला तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना धारपांची 'आजी' ही कथा तोंडी सांगितली, ती त्यांच्या मनात घर करून बसली आणि पंचवीस वर्षांनी पडद्यावर आली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेले. साखळदंडात बांधलेली, न मरणारी म्हातारी आणि तिच्याजवळ एकटा सापडलेला मुलगा, हा भाग पाहताना धारपांचे वाचक खुर्चीत ताठ बसले. ओळखीचे कुणीतरी अंधारातून बाहेर आल्यासारखे ते होते.

चित्रपटातल्या लोभी देवाचे हस्तर हे नावही दूरवरून आलेले आहे. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्स यांच्या एका कथेत हस्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. पुढे चेंबर्स, लव्हक्राफ्ट आणि इतरांच्या हाती पडत पडत तो भयंकर झाला. तेच नाव कोकणातल्या वाड्याच्या गर्भगृहात येऊन बसले आणि आम्हाला ते आपलेच वाटले. भयकथा अशीच देशोदेशी हिंडते.

'तुंबाड' २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. त्या निमित्ताने मराठी न वाचणाऱ्या तरुणांनीही धारप हे नाव शोधले. दरम्यान साकेत, रोहन यांसारख्या प्रकाशनांनी त्यांची पुस्तके नव्या रूपात आणली होती. कोरी मुखपृष्ठे, सगळी पाने जागच्या जागी. धारपांना हे पाहायला मिळाले नाही. २००८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची बरीचशी पुस्तके वाचनालयांच्या त्या खाकी कपाटांतच भेटत होती.

आता राहिलेले काम

एखादा लेखक थोर होता की नव्हता, याचा निकाल रविवारच्या पुरवणीत लागत नाही आणि लावूही नये. रत्नाकर मतकरींनी गूढकथेला जी वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली, ती धारपांना लाभली नाही. मतकरींच्या कथेची वीण अधिक घट्ट आहे, हेही मी मान्य करीन. पण धारपांनी एक वाचकवर्ग घडवला, जो त्यांच्यानंतर मतकरींकडे गेला, नारळीकरांकडे गेला, जी. ए. कुलकर्णींकडेही गेला. पुस्तक हातातून खाली ठेवता येत नाही म्हणजे काय, हे ज्याला पंधराव्या वर्षी कळते तो पुढे आयुष्यभर वाचतो. आमच्या तालुक्यांत शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, एसटी कामगारांच्या घरांत वाचनाची पहिली गोडी ज्यांनी लावली, त्यांत हा माणूस अग्रभागी होता.

खोडदला महादुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातले न दिसणारे काहीतरी ऐकत असतात. आर्वीला १९७१ पासून उपग्रह केंद्र होते. त्याच शिवारात रात्री बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस उसाची सळसळ ऐकून थबकतो. विज्ञान आणि भीती एकाच बांधावर नांदतात, हे आमच्या मुलुखात रोज दिसते. धारपांच्या कथेचा निवेदकही असाच आहे: शिकलेला, हिशेबी, आणि तरीही थबकणारा.

त्यांच्यासाठी आता पुतळा किंवा रस्त्याला नाव नको. एक साधे काम हवे. त्यांच्या सर्व पुस्तकांची नीट सूची व्हावी. कोणते कोणत्या साली आले, आधी कोणत्या अंकात छापले गेले, कुठले स्वतंत्र आणि कुठले कशावर बेतलेले, हे सगळे त्यात लिहिलेले असावे. म्हणजे किंग यांचे किंग यांना मिळेल आणि उरलेले धारपांच्या नावावर लागेल. ते उरलेले पुष्कळ निघेल, याची मला खात्री आहे. पुण्यामुंबईच्या विद्यापीठांत कुणी विद्यार्थी प्रबंधाला विषय शोधत असेल, तर हा घ्यावा. ज्यांच्या हयातीत धारपांची नवी पुस्तके वाचनालयात येत होती, ते वाचक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी आणि माळ्यावरचे जुने अंक वाळवीला मिळण्याआधी हे झाले पाहिजे.